बोटीतलं माजघर

आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं मला धरून दोन. दुसरा फौजेत होता, तो वारला. म्हणून जो तो येऊन मलाच विचारतो, दर्या कसा, बोट कशी, उलट्या झाल्या का. सांगून सांगून तोंड दुखलं. आता एकदाच लिहून टाकतो. माझी शाळा उर्दू तिसरीपर्यंत. मराठी अक्षर मी मोठेपणी वळवलं, तेव्हा चुका निघतील. ज्याला काढायच्या त्यानं काढाव्या. एक गोष्ट आधीच सांगतो. मजा म्हणून गेलो नव्हतो आणि मजा आली नाही.

पौषात माझी बायको गेली. तापाचं निमित्त झालं. मुलगा नामदेव सरकारी कचेरीत कारकून. निजामाचं राज्य गेलं तेव्हा तो परभणीला होता. पुढं आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला आणि इकडचे कागद तिकडं गेले, तशी माणसंही गेली. नामदेवची बदली थेट रत्नागिरीला झाली. आधी तो एकटाच गेला. सून आणि दोन पोरं माझ्याजवळ राहिली. आई गेल्यावर त्यानं कळवलं, उन्हाळ्यात शाळा सुटली की सगळ्यांना घेऊन या आणि तुम्हीही कायमचेच या. एकटे काय करणार तिथं?

निघताना पुतण्याला म्हटलं, "रान तू बघ. जमलं तर तिकडंच राहीन. न्हाई जमलं तर मिरगाच्या आत वापस येतो."

"आन् जमलं का न्हाई ते कसं कळायचं काका?"

"कळंल की."

कसं कळणार ते मलाही ठाऊक नव्हतं. पण जायचं ते एवढं एक ठरवायला.

मानवत रोड ते मुंबई

गाडीचं वर्णन करत नाही. धूर, धूळ आणि मनमाडला बदली. आम्ही चौघं होतो. मी, सून, तिचा सोळा वर्षांचा माधव आणि चौदाची शकू. शकूला लहानपणापासून दमा. तूर बडवायला लागलं की तिला शेजारच्या गावी पाठवावं लागायचं, इतका.

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. समोर बसत नाही, त्याच्यादेखत आडवी होत नाही. सासरा ओसरीवर, सून आत, मधे सासू. घरात जे काही लागायचं, दुखायचं, खुपायचं ते सुनेकडून सासूला आणि सासूकडून मला. "सूनबाई म्हणायलीय, यंदा हरभरा जरा जास्त ठेवा." "सूनबाई म्हणायलीय, माधवला सदरा लागतो." असं इतकी वर्षं चाललं. मधल्या मधे म्हातारी काय गाळायची आणि काय पदरचं घालायची, ते तीच जाणे. मला वाटायचं, सून मोठी समाधानी आहे.

आता मधलं माणूस नव्हतं. गाडीत सून खिडकीकडं तोंड करून बसली, मी दाराकडं. तहान लागली तर ती शकूच्या कानात सांगायची, शकू माधवला, माधव मला. एक तांब्या पाण्यासाठी तीन जणांची वर्दी. कचेरीत अर्ज लवकर पोचतो.

मुंबईत धर्मशाळेत उतरलो. त्या शहराबद्दल मी काही लिहिणार नाही, लोकांनी लई लिहिलंय. एवढंच, की तिथं ज्वारीची भाकरी विचारली तर माणसं हसली. आमच्याजवळ दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून त्या हसण्याचं काही वाटलं नाही.

धक्क्यावर

सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो. मासळीच्या वासानं शकूनं नाक दाबलं. समोर बोट उभी. ती पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? मोंढ्यातली सगळी गोदामं एकावर एक रचली आणि पाण्यात ढकलली. तरंगते कशी, हे मला अजूनही पटलेलं नाही.

ही बोट वाटेत प्रत्येक बंदराला थांबत जाणारी होती. त्यामुळे एक रात्र बोटीत काढायची होती. गरीबगुरीब उघड्या डेकवर पथारी टाकतात. नामदेवचं सांगणं होतं, डेकवर गर्दी फार, शकूला सोसणार नाही, खोलीच घ्या. बोटीतल्या खोलीला कॅबिन म्हणतात. आमच्या नावाच्या दोन होत्या, दोन-दोन माणसांच्या, पण एक वर आणि एक खाली. कोणी कुठं राहायचं ते आम्हीच ठरवायचं होतं.

मी दोन्ही बघितल्या. घर बघतात तशाच बघितल्या.

वरच्या खोलीला गोल खिडकी होती, वारा होता. पण दार उघडलं की समोर रस्ता. येणारा जाणारा, विडी ओढणारा, खलाशी, सगळे दारावरून जाणार. खालची लोखंडी जिना उतरून, एक बोळ ओलांडून, पार शेवटी. खिडकी नाही. दोन फळ्या, एकीवर एक. दार लावलं की अंधार. मी भिंतीला हात लावला. भिंत गार.

आता आमच्याकडची घरं बघा. धाब्याचं छप्पर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. चैत्रात बाहेर उन्हानं चिमण्या पडतात तेव्हा माजघरात घोंगडी घ्यावी लागते. जितकं आत तितकं गार, जितकं आत तितकं बाईमाणसाला सुरक्षित. हे मला कोणी शिकवलं नाही, जन्मापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, बायका खाली, आम्ही दोघं वर.

बोटीवरचा कारकून कोकणातला होता. तो म्हणाला, "आजोबा, वरची बायकांना द्या हो. खालची कोणी घेत नाही म्हणून तर उरली आहे."

"उरली हाय ते बरंच की. म्हंजी तिकडं कोणी फिरकणार न्हाई."

"तसं नाही हो. खाली कोंडतं."

"आमी माजघरात वाढलेली माणसं हाव. अन् वरच्या खोलीचं दार रस्त्यावर. लेकीसुनांना रस्त्यावर झोपवू का मी?"

"मर्जी तुमची," असं म्हणून तो दुसऱ्याकडं वळला.

तेवढ्यात सुनेनं माधवला जवळ ओढलं आणि हळू आवाजात काही सांगितलं. मी विचारलं, "काय म्हणती रे?"

माधव एकदा वरच्या खिडकीकडं बघायला लागला, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "काही न्हाई आबा. चालतंय म्हणती."

सुनेनं मान वर केली, परत खाली घातली. मग ट्रंक उचलून जिना उतरायला लागली. शकू तिच्या मागं.

बोटीत

बोट सुटली तशी अंगाखालची जमीन गेली. बैलगाडीचा हिसका ठाऊक असतो, कुठं बसेल ते कळतं. बोटीचा हिसका पोटातून येतो. मला उलटी झाली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. माधवला दोनदा झाली आणि तरी तो खिडकी सोडेना.

"आबा, बघा की! कुठंच कड न्हाई!"

मी बघितलं. आमच्या रानात उभं राहिलं तरी कड दिसत नाही, पण तिथं निदान पीक असतं. हे नुसतं पाणी, तेही खारट. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही. देवाला आमच्याकडं थोडं वळवायला काय झालं होतं?

दुपारी एका बंदराशी थांबलो. बोट काठाला लागत नाही, लांब उभी राहते. काठावरून मचवे येतात आणि माणसं त्यातून बोटीवर चढतात. आंब्याच्या करंड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक शिवणाचं मशीन, तान्ही पोरं, सगळं हातोहात वर. त्यातच एक म्हातारी बाई आली. नऊवारी, कपाळ मोकळं, दाभोळला जाणारी. माझ्या खोलीच्या दाराशी सावली होती, तिथं तिनं बोचकं टेकवलं आणि बसली. परक्या पुरुषासमोर ऐसपैस मांडी घालून. बोलायला लागली तीही तशीच.

"कुठले तुम्ही?"

"परभणीकडचे."

"ते कुठे आलं?"

"मोगलाईत."

"अगो बाई! मासे चालतात का?"

"न्हाई."

"मटण?"

"ते चालतं."

"म्हणजे पाण्यातलं तेवढं पाप होय!"

तिनं बोचक्यातून एक आंबा काढून मला दिला, एक स्वतः घेतला. तो हापूस मी तिथंच खाल्ला. गोड होता, पण आमच्या गोटीसारख्या रायवळ आंब्यात जो आंबटपणा असतो तो त्यात नाही. नुसतं गोड माणसाला किती वेळ पुरणार?

"घरची माणसं कुठे तुमची?" तिनं विचारलं.

"बायको वारली. सून, नात खाली हायत. खालच्या खोलीत."

चाटत होती ती कोय तिनं खाली ठेवली. "खाली? एंजिनाजवळ? या दिवसांत? अहो, ती भट्टी आहे."

"सून काही बोलली न्हाई."

"तुमच्याकडे सुना बोलतात का सासऱ्यांशी?"

"न्हाई."

"मग?"

त्या 'मग'चं काय करायचं ते मला सुचायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. सून वर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर, केस घामानं गालाला चिकटलेले, चोळी भिजलेली. चारचौघांत, खलाशांच्या देखत, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली,

"मामंजी, उठा. खोली सोडा. लेकरू मरायलंय खाली."

लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला होता. इतका जाड आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मी उठलो. माधव धावला. त्यानं आणि एका खलाशानं शकूला उचलून आणलं. ओठ निळे, छातीचा भाता चाललेला, शिटीसारखा आवाज. तिला खिडकीपाशी बसवलं. आडवं करू नका, असं सून ओरडली. दाभोळच्या बाईनं पदरानं वारा घातला आणि लोकांना हाकललं, "व्हा बाजूला, तमाशा आहे का हा!" सून पोरीची पाठ चोळत बसली. बसली म्हणजे माझ्यासमोर बसली. तेव्हा कोणाला त्याचं भान नव्हतं.

बऱ्याच वेळानं शकूचा श्वास खाली बसला. तिनं पाणी मागितलं. आईनं पाजलं. मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "आबा, तुमी कुठं झोपणार आता?" चौदा वर्षांची पोर, मरता मरता वाचलेली, आणि तिला काळजी माझ्या झोपेची. मी तिथून निघालो.

माधव माझ्या मागं आला. कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, "आईनं सकाळीच सांगितलं होतं आबा. शकूला वरची खोली द्या म्हण म्हणून. मी बोललो न्हाई. मला खिडकी पाहिजे होती."

त्याच्यावर हात उचलला होता, तो खाली घेतला. पण सोळा वर्षांच्या पोराला खिडकी पाहिजेच असते. निरोप पोचवणं हे त्याचं कामच नव्हतं. ज्याचं होतं ते माणूस पौषात गेलं.

सामान आणायला मी खाली उतरलो. सकाळी गार लागलेली भिंत आता तव्यासारखी. तेलाचा वास डोक्यात जाणारा. मी दार लावून खालच्या फळीवर बसलो आणि मग मला एक आठवलं. घरी शकू कधी माजघरात झोपली नाही. तिची आजी तिला घेऊन बाहेरच्या पडवीत झोपायची, थंडीतसुद्धा. मला वाटायचं, नातीचे लाड. कधी विचारलं नाही. म्हातारीनंही सांगितलं नाही. तिनं बंदोबस्त केला होता, मला सांगायची तिला गरज काय होती? अशा किती गोष्टींचा तिनं न सांगता बंदोबस्त केला असेल? त्या सगळ्या आता एकेक करून उघड्या पडणार, आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी जीव जायची वेळ आल्यावर.

रडलो नाही. तिथं घामच इतका होता, की रडलो असतो तरी कळलं नसतं. रात्र मी आणि माधवनं डेकवर काढली.

रत्नागिरी

सकाळी मचव्यातून उतरलो. नामदेव काठावर उभा होता. पोरीचं तोंड बघून त्यानं विचारलं, "काय झालं?" सून म्हणाली, "काही न्हाई. बोट लागली." डोक्यावर पदर होता, मान खाली होती. जमिनीला पाय लागले आणि बोटीवर मला उठवणारी ती सून गेली.

तो मुलूख हिरवा आहे, चांगला आहे, त्याला नावं ठेवत नाही. लाल माती, लाल दगडाची घरं, उतरती कौलं. वर निजायला माळवद नाही. अंगावरचा घाम वाळतच नाही, नुसता फिरत राहतो. भात सकाळी, भात रात्री. नामदेवनं कुठून तरी ज्वारी मिळवली होती, तिला टोके किडे लागलेले. आमसुलाचं सार मात्र मला आवडलं. आमच्याकडं तहसील, तिकडं मामलेदार कचेरी. आमचा नामदेव तिथं काम करतो आणि त्याच्या बोलण्याला बाकीचे हसतात. तो आता त्यांच्यासारखं बोलायला शिकायलाय. घरी आला की विसरतो, बरं वाटतं.

घर भाड्याचं. दोन खोल्या आणि मागं पडवी. ओसरी नाही. म्हणजे मी जिथं बसेन तिथून चूल दिसणार आणि चुलीजवळून मी.

मी वाट बघत होतो. मला वाटलं, एकदा बोलली म्हणजे आता बोलेल. मी काही रागावलो नव्हतो. उलट मी बोलायला निमित्तं काढायचो. "आज ऊन लई हाय," असं भिंतीला सांगायचो. सून शकूला म्हणायची, "आबांना विचार, ताक घेता का." मी हाताच्या अंतरावर! शकू हसायची, म्हणायची, "आबा, आई विचारायलीय..." मी म्हणायचो, "ऐकलं, मला कान हायत." आणि सून तोंड फिरवायची.

पोरांचं बरं चाललं होतं. शकूचा दमा त्या हवेत बसला, हे खरं. माधव दिवसभर बंदरावर. नामदेव कचेरीत. घरात मी आणि सून. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की ती बसत नाही. स्वयंपाक उभ्यानं, निवडणं टिपणं उभ्यानं, भिंतीला टेकून. जेवायची ती पडवीत जाऊन, तेही उभी, घाईनं. गावी मी ओसरीवर असायचो, रानात असायचो, तिला आतलं घर मोकळं असायचं. इथं मी कुठंही बसलो तरी तिच्यासमोरच होतो.

एक दिवस पोरं बाहेर गेल्यावर मी सरळच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"सूनबाई, मधी कोणी न्हाई, म्हणून तुलाच विचारतो. राहू का जाऊ?"

चुलीवर भात रटरटत होता. तिनं झाकण काढलं, परत ठेवलं. पाठमोरीच होती.

"खरं सांगू मामंजी?"

"त्याच्यासाठीच विचारायलोय."

"जावा तुमी. दिवसभर बसता येईना मला. पाय सुजायलेत."

"मग बस की. मीच म्हणतो, बस."

"तुमी म्हटलं म्हणून बसता येतं व्हय?" ती वळली. डोळे भरलेले, पण आवाज बोटीवरचाच. "लेकरू मरत होतं म्हणून तोंड उघडलं. रोज कसं उघडू? आत्याबाई होत्या तवर तुमचा भार झाला न्हाई कधी. आता कुणाला सांगू मी, तुमचं काय करू ते?"

मी म्हटलं, "सांगितलंस की आता. मलाच."

ती परत चुलीकडं वळली. पाठमोरीच म्हणाली, "आंब्याच्या दिवसात येत जावा. शकू वाट बघंल."

वाईट वाटलं का? वाटलं. पोराच्या घरातून सुनेनं जा म्हटलं, गावात ही गोष्ट कशी सांगायची? आता लिहिली आहे, वाचा. पण मी विचारलं ते खरं आणि तिनं सांगितलं तेही खरं. इतक्या वर्षांत आमच्या दोघांत एवढंच एक बोलणं न गाळता झालं.

नामदेवला मी कारण रानाचं सांगितलं. तो रागावला, मग रडला, मग मोटारीचं तिकीट काढून आणलं. समुद्राचं तोंड मला परत बघायचं नव्हतं, म्हणून घाटानं कोल्हापूरवरून निघालो. पहाटे सगळे पाया पडले. सून सगळ्यात शेवटी, पदर कपाळापर्यंत ओढून.

नामदेव आणि पोरं गाठोडं घेऊन पुढं झाली. मी तीन पायऱ्या उतरलो असेन, मागून जमिनीवर पाट सरकवल्याचा आवाज आला. वळून बघितलं नाही. बसली असेल.